पावणेसहा वर्षं नगरसेवक नसलेल्या शहरात लॉ शिकताना

आज शनिवार, १० जानेवारी २०२६. येत्या गुरुवारी, १५ तारखेला, छत्रपती संभाजीनगर महापालिकेचं मतदान आहे. हे बोलत असताना खिडकीतून प्रचाराच्या रिक्षाचा आवाज येतोय. मी दोनदा रेकॉर्डिंग थांबवलं, आता थांबवणार नाही. गाणं ऐकू आलं तर समजून घ्या. तसंही शहरात आता शांत जागा कुठे राहिलीय?

मी बीटेक, काम सॉफ्टवेअरचं. कंपनी पुण्याची आणि बसायचं घरी, गारखेड्यात. कायद्यातलं मला काही कळत नाही. पण घरात माझी धाकटी बहीण आहे, पाच वर्षांच्या बीए एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला. सीईटी देऊन २०२१ला लागली आणि या उन्हाळ्यात, सगळं नीट झालं तर, वकील होईल. गेला महिनाभर आमच्या जेवणाच्या ताटावर जी भांडणं चाललीयत ना, त्यावरच आजचा भाग आहे. तिला म्हटलं तूच ये माईकवर. तर म्हणाली, "दादा, मला अजून सनद मिळायचीय, मी कुठं रेकॉर्डवर येत नाही." वकील व्हायच्या आधीच वकील झालीय.

आधी तिचा दिवस कसा जातो ते सांगतो, म्हणजे चिडचिड कुठून येते ते कळेल. सकाळी साडेसातचं कॉलेज. थंडीत स्कूटी चालू व्हायला दहा किका. अकरापर्यंत तासिका, त्यातल्या दोन होतात, एक होत नाही. मग अदालत रोडला जिल्हा न्यायालय. तिथे ती एका वकील सरांच्या हाताखाली शिकते. सर महिन्याला पेट्रोलपुरते पैसे देतात, आणि तेही दिले तर. बाकी काम काय, तर तारखा लिहून घेणं, नकलांसाठी अर्ज लावणं, झेरॉक्स, स्टॅम्प व्हेंडरच्या रांगेत उभं राहणं. पाच वाजता अभ्यासिका. औरंगपुरा, उस्मानपुरा, टीव्ही सेंटर, कुठल्याही गल्लीत शिरा, एक तरी अभ्यासिका दिसते. बीड, जालना, परभणी, हिंगोलीची पोरं-पोरी एकेका खुर्चीला महिन्याचं भाडं भरून बसलेली. कुणी एमपीएससीवाला, कुणी तलाठीवाला, कुणी न्यायाधीशाच्या परीक्षेवाला. रात्री नऊला घरी. आणि पाण्याचा दिवस असेल तर झोप नाही.

पाण्याचं बाहेरच्या श्रोत्यांना सांगायला लागेल. आमच्याकडे नळ रोज येत नाही. आमच्या गल्लीत सहाव्या दिवशी येतो, कधी सातव्या. किती वाजता येईल ते व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या लाइनमनला माहीत, किंवा त्यालाही नाही. इथून पन्नासेक किलोमीटरवर पैठणला नाथसागर आहे, जायकवाडीचं धरण. त्या काठावर कॉलेजात असताना आम्ही फोटो काढलेत, समुद्र वाटावा एवढं पाणी. ते शहरात आणायला ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या दोन जुन्या जलवाहिन्या. त्या फुटतात, वीज जाते, पंप बंद पडतात आणि सहाव्या दिवसाचा आठवा होतो. समांतर जलवाहिनीची योजना गाजली आणि २०१६ला मोडली. मग डिसेंबर २०२०मध्ये १,६८० कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन झालं. तिचा आकडा पुढे २,७४० कोटींवर गेला. अडीच हजार मिलिमीटरचा पाइप, माणूस आत उभा राहील एवढा. काम किती झालं याचा हिशेब हायकोर्टाचं औरंगाबाद खंडपीठ जनहित याचिकेत विचारत आलंय. आमच्या घरात ती बातमी बहीण मोठ्याने वाचून दाखवते आणि आई म्हणते, "न्यायाधीशालाच नगरसेवक करा बाई."

आईचं हे वाक्य गंमत म्हणून सोडून देण्यासारखं नाही. कारण नगरसेवक नव्हतेच. बहिणीच्या रागाचं मूळ तिथेच आहे.

इथे मागची महापालिका निवडणूक २२ एप्रिल २०१५ला झाली. ११३ वॉर्ड होते. पाच वर्षांची मुदत एप्रिल २०२०मध्ये संपली. तेव्हापासून आजपर्यंत प्रशासक. मी आता २८ वर्षांचा आहे. २०१५ला सतरा वर्षांचा होतो. म्हणजे नोकरीला लागून सहा वर्षं झाली, दोनदा लोकसभेला मत दिलं, दोनदा विधानसभेला दिलं, पण माझ्या गल्लीच्या नाल्याचं काय करायचं हे ठरवणाऱ्या माणसाला मी आयुष्यात एकदाही मत दिलेलं नाही. परवा पहिल्यांदा देणार. बहीण २३ची, तिचंही पहिलंच. आमच्या घरातली दोन मोठी झालेली माणसं, आणि नगरसेवक म्हणजे काय ते आम्हाला फक्त पप्पांच्या गोष्टींतून माहीत.

आता तिची बाजू. दुसऱ्या की तिसऱ्या वर्षाला तिला संविधानाचा पेपर होता. त्यात अनुच्छेद २४३-यू. नगरपालिकेची मुदत पहिल्या बैठकीपासून पाच वर्षं, "त्याहून अधिक नाही". आणि मुदत संपण्याच्या आधी पुढची निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे. संपल्यावर नाही, आधी. ७४वी घटनादुरुस्ती म्हणतात ती हीच, १ जून १९९३पासून लागू. सुप्रीम कोर्टाने २००६ला अहमदाबाद महापालिकेच्या किशनसिंग तोमर प्रकरणात सांगितलं की निवडणूक आयोगाने वेळेत निवडणूक घ्यायलाच हवी, खरीखुरी मोठी आपत्ती असेल तरच अपवाद. हे सगळं तिने वहीत सुंदर अक्षरात लिहिलं, पेपरात लिहिलं, मार्क मिळवले. आणि वर्गाच्या खिडकीतून जे शहर दिसत होतं, तिथे त्या क्षणी प्रशासक होता. ती म्हणते, "दादा, मी जे शिकत होते ते खोटं आहे असं कुणी म्हणत नव्हतं. ते खरंच होतं. फक्त इथं लागू नव्हतं."

मी तिला म्हटलं, आमच्याकडे पण असतंच की. डॉक्युमेंटेशनमध्ये एक लिहिलेलं असतं, चालू सिस्टीम वेगळंच काहीतरी करते. ती म्हणाली, तुमच्या डॉक्युमेंटेशनवर राष्ट्रपतींची सही नसते. बरोबर आहे.

हे झालं कसं, ते मी तिच्याकडून दोनदा समजून घेतलं, कारण पहिल्यांदा डोक्यावरून गेलं. आधी कोविड. ते कुणीच नाकारत नाही. त्यातच वॉर्डरचनेवरून आमच्या शहराची स्वतःची कोर्टकचेरी. मग ४ मार्च २०२१ला सुप्रीम कोर्टाचा विकास गवळी प्रकरणातला निकाल आला. स्थानिक संस्थांत ओबीसी आरक्षण द्यायचं तर तीन अटी पाळा: स्वतंत्र आयोग नेमा, प्रत्येक संस्थेपुरती आकडेवारी गोळा करा, आणि सगळं आरक्षण मिळून ५० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. आकडेवारी नव्हती. मग अध्यादेश, त्याला स्थगिती, मग प्रभागरचनेचा अधिकार राज्य सरकारने स्वतःकडे घेतला, मग बांठिया आयोग, त्याचा अहवाल जुलै २०२२मध्ये. तेवढ्यात सरकार बदललं, सदस्यसंख्या बदलली, आणि ऑगस्ट २०२२मध्ये सुप्रीम कोर्टाने "जैसे थे"चा आदेश दिला. ते "जैसे थे" चाललं पावणेतीन वर्षं. तारीख, तारीख. शेवटी ६ मे २०२५ला कोर्टाने सांगितलं की बांठिया अहवालाच्या आधी होती ती आरक्षणाची स्थिती धरा आणि चार महिन्यांत निवडणुका घ्या. तेही झालं नाही, मग सप्टेंबरमध्ये ३१ जानेवारी २०२६ची शेवटची मुदत दिली. म्हणून हा थंडीतला प्रचार.

आता यात गंमत बघा. ओबीसी आरक्षण टिकावं असं म्हणणाऱ्यांचं म्हणणं चुकीचं होतं का? नाही. निवडणुका थांबवून ठेवल्या नसत्या तर ओबीसींच्या जागा गेल्या असत्या, हा मुद्दा खराच होता. आकडेवारी मागणाऱ्या कोर्टाचं चुकलं का? तेही म्हणता येत नाही. प्रत्येकाकडे आपापल्यापुरतं बरोबर कारण होतं, आणि सगळ्या बरोबर कारणांची बेरीज अशी की १० वर्षांत मत नाही. आमच्या धंद्यात याला डेडलॉक म्हणतात. दोन प्रोसेस एकमेकींची वाट बघत बसतात, दोघींचं वागणं नियमाप्रमाणे, आणि स्क्रीन अडकलेली. पण तिथे कुणीतरी टाइमआउट लिहून ठेवलेला असतो. बहीण म्हणते, २४३-यू हाच तर टाइमआउट होता!

आणि अजून एक. हे या शहरात पहिल्यांदा झालेलं नाही. औरंगाबाद महापालिका स्थापन झाली ८ डिसेंबर १९८२ला. पहिली निवडणूक झाली १९८८मध्ये. मधली पाच-साडेपाच वर्षं प्रशासकच. पप्पा तेव्हा कॉलेजात होते, त्यांना ती १९८८ची निवडणूक लख्ख आठवते. तेव्हा ६० जागा होत्या, आणि पहिल्याच फटक्यात शिवसेनेचे २७ नगरसेवक निवडून आले. शहराच्या नावाची घोषणा, सांस्कृतिक मंडळाच्या मैदानावरची सभा, "खान की बाण", हे सगळं तेव्हापासूनचं. म्हणजे ७४व्या दुरुस्तीने जो रोग बरा करायचा होता, तो आमच्या शहराला जन्मापासूनच होता. आणि औषध मिळून ३० वर्षं झाल्यावर तोच परत.

"खान की बाण" हा दुसरा विषय, ज्यावर ती ताट बाजूला सरकवते. २०१९ला लोकसभेला इम्तियाज जलील यांनी चंद्रकांत खैरे यांना ४,४९२ मतांनी हरवलं. २०२४ला संदिपान भुमरे निवडून आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेला औरंगाबाद पूर्वमध्ये अतुल सावे आणि जलील यांच्यात अंतर होतं २,१६१ मतांचं. म्हणजे मतं अगदी काठावरची, आणि काठावरची मतं गोळा करायला सगळ्यात सोपा मार्ग कोणता ते तुम्हाला मी सांगायला नको. धर्माच्या नावावर मत मागणं हे १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे भ्रष्ट आचरण. जानेवारी २०१७मध्ये सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने अभिराम सिंह प्रकरणात ते आणखी रुंद केलं: उमेदवाराचा धर्मच नाही, मतदाराचाही धर्म काढायचा नाही. हा निकालही तिला पाठ. आणि संध्याकाळी कॅनॉटला चहा प्यायला गेलो की मोबाइलवर येणारे रील तिच्या तोंडासमोर. ती म्हणते, "यातला एकही माणूस सातव्या दिवशीच्या नळावर बोलत नाही. हिंदू वस्तीत पण सातव्या दिवशी आणि मुस्लिम वस्तीत पण सातव्या दिवशी. एवढी एकच गोष्ट शहरात सगळ्यांना समान मिळते, त्यावर कुणी मत मागत नाही." तिच्या अभ्यासिकेतली शेजारची खुर्ची किराडपुऱ्याच्या एका मुलीची आहे, तीही लॉचीच. दोघी मिळून मूट कोर्टची तयारी करतात. निवडणूक आली की दोघींच्या घरचे विचारतात, कशाला एवढा उशीर, वातावरण बरं नाही. वातावरण कोण करतं आणि आठला घरी कुणी यायचं!

पक्षांतराचंही तेच. २०२२मध्ये शिंदेंबरोबर गेलेल्यांत आमच्या जिल्ह्याचे नऊपैकी पाच आमदार होते. म्हणजे दहावी अनुसूची हा विषय इथल्या लॉच्या पोरांना नकाशावर शोधायला लागत नाही, चौकातल्या बॅनरवर दिसतो. ११ मे २०२३चा घटनापीठाचा निकाल, मग १० जानेवारी २०२४चा विधानसभा अध्यक्षांचा निर्णय. हो, आजच्याच तारखेला दोन वर्षं झाली. वर्गात एकाने विचारलं होतं म्हणे, की मग पक्षांतर केलं की अपात्र ठरतो, असं लिहायचं का पेपरात? सर म्हणाले, कायदा लिहा, बातमी लिहू नका. मला ते सर आवडले. उत्तर काही मिळालं नाही, पण आवडले.

आता डिसेंबरकडे येतो, कारण खरी मजा, आणि खरी चिडही, तिथे आहे. १५ डिसेंबरला निवडणूक जाहीर झाली. २३ ते ३० डिसेंबर अर्ज भरायचे. नाताळच्या सुट्टीत तिला वाटलं होतं जरा अभ्यास होईल. झालं उलटंच. वकील सरांच्या ऑफिसात उमेदवारांची रीघ. नगरसेवक व्हायचं तर कागद किती लागतात बघा: नामनिर्देशन पत्र, मालमत्ता आणि गुन्ह्यांचं शपथपत्र, महापालिकेची थकबाकी नसल्याचा दाखला, राखीव जागा असेल तर जात वैधता प्रमाणपत्र किंवा अर्ज केल्याची पावती, दोनपेक्षा जास्त अपत्यं नसल्याचं लिहून देणं. हे सगळं टाइप करायला, तपासायला, नोटरीकडे न्यायला कोण? जी पेट्रोलपुरत्या पैशात काम करते ती. सकाळी नऊ ते रात्री अकरा. सरांनी मात्र त्या आठवड्यात रोज नान-खलिया मागवला, एवढं मान्य करायला पाहिजे.

तिथे तिने जे पाहिलं ते तिच्याच शब्दांत सांगतो. एक जण एकाच दिवशी दोन पक्षांच्या नावाने कागद तयार करून घेऊन गेला. "ज्याचा एबी फॉर्म आधी येईल त्याचा." ३० तारखेला, शेवटच्या दिवशी, इथली भाजप आणि शिंदेंच्या शिवसेनेची युती तुटली आणि त्यानंतर फोन वाजायचे थांबेचनात. एक बाई आल्या होत्या, चाळिशीच्या, १५ वर्षं एका पक्षात, सतरंज्या उचलण्यापासून सगळं केलेलं. जागा महिलांसाठी राखीव निघाली तेव्हा गल्लीत पेढे वाटले होते. तिकीट दुसऱ्याच्या बायकोला गेलं. त्या ऑफिसात बसून रडल्या नाहीत, नुसतं विचारलं, "पोरी, अपक्ष भरायला किती वेळ उरलाय?" पावणेदोन तास उरला होता. बहिणीने तो अर्ज पळत पळत पूर्ण केला. तीन वाजायला काही मिनिटं असताना दाखल झाला. आणि २ जानेवारीला त्या बाईंनी तो मागे घेतला. का घेतला, कुणी सांगितलं, काय मिळालं, काही माहीत नाही. बहिणीला विचारलं तर म्हणाली, "त्यांनी मला फोन करून सॉरी म्हटलं. मला का सॉरी म्हणाव्यात त्या?" त्या रात्री ती जेवली नाही.

माझं मत विचाराल तर कागदपत्रांची ही कटकट चांगलीच आहे. २००२च्या एडीआर निकालामुळे उमेदवाराला मालमत्ता आणि गुन्हे लिहून द्यावे लागतात, ही या देशात झालेल्या फार चांगल्या गोष्टींपैकी एक. पण ते वाचतं कोण? या प्रश्नावर नंतर येतो.

त्याआधी आमचं दोघांचं खरं भांडण सांगतो, कारण त्यात मी तिच्या बाजूला नाही. गेल्या वर्षी पावसाळ्यात शहरात रस्ता रुंदीकरणासाठी मोठी पाडापाडी झाली. मुकुंदवाडी, पैठण रोड, पडेगाव, हर्सूल. जेसीबी लागले, हजारोंनी बांधकामं गेली. मी रोज ट्रॅफिकमध्ये अडकणारा माणूस. मला रस्ते रुंद झालेले आवडले, आणि ते मी आजही म्हणतो. एकट्या अधिकाऱ्याने सहा महिन्यांत केलं ते ११३ नगरसेवकांनी मिळून १० वर्षांत केलं नसतं, असं गल्लीतले बरेच जण म्हणतात. प्रशासक बरा, नगरसेवक नको, टक्केवारी तरी वाचली. हे वाक्य तुम्ही पण ऐकलं असेल.

बहीण म्हणते, ते तुझं दुकान नव्हतं म्हणून. तिच्या सरांकडे तेव्हा रोज माणसं यायची, पिशवीत कागद घेऊन. कुणाकडे गुंठेवारीची पावती, कुणाकडे तीस वर्षांच्या घरपट्टीच्या पावत्या, कुणाकडे नुसतं वीजबिल. नोव्हेंबर २०२४चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे की पाडण्याआधी १५ दिवसांची नोटीस द्या, पण रस्त्यावरच्या अनधिकृत बांधकामाला तो लागू नाही, असं त्याच निकालात आहे. मग रस्ता कुठून सुरू होतो, नकाशा कोणता, यावर सगळं येऊन थांबतं. कोण बरोबर, कोण चूक, ते ज्याच्या त्याच्या कागदावर. तिचा मुद्दा तो नाहीच. तिचा मुद्दा एवढाच: "रस्ता रुंद करायचाच होता, पण कुणाचं आधी, किती दिवसांत, दुसरी जागा द्यायची का, हे सभागृहात ओरडून विचारायला कुणी तरी लागतं. तो चोर असला तरी चालेल, पण त्याला पुढच्या वर्षी त्यांच्या दारात मत मागायला जायचं असायला पाहिजे. प्रशासकाला कुणाच्या दारात जायचंय?"

यावर माझ्याकडे उत्तर नाही. रस्ता मला अजूनही आवडतो. पप्पांनी त्यावर टीव्हीचा आवाज मोठा केला.

बरं, आता परवाच्या मतदानाची यंत्रणा. हे जरा नीट ऐका, कारण आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. यंदा वॉर्ड नाही, प्रभाग आहे. २९ प्रभाग, ११५ नगरसेवक. २८ प्रभागांत चार-चार, एकात तीन. म्हणजे तुम्हाला अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार मतं द्यायचीत. एकाच जागेवर चार नाही, प्रत्येक जागेला एक. एखाद्या जागेवर कुणीच पसंत नसेल तर तिथे 'नोटा' दाबा, पण चारही पूर्ण करा. आणि नोटाबद्दल एक गोष्ट मला बहिणीनेच सांगितली: महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८मध्ये असा आदेश काढलेला आहे की स्थानिक निवडणुकीत नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर ती निवडणूक परत घ्यायची. लोकसभा-विधानसभेला तसं नाही. पण राज्यात यंदा कितीतरी ठिकाणी एकच अर्ज उरला आणि उमेदवार बिनविरोध झाला. तिथे नोटाला बटणच नाही. "लग्न ठरलंय, फक्त मुलीला विचारायचं राहिलं, असं झालं हे," आई म्हणाली.

चार नगरसेवकांचा तोटाही उघड आहे. पूर्वी नाला तुंबला की एका माणसाच्या दारात जायचं. आता चौघं. अ म्हणेल ब कडे जा, ब म्हणेल हे काम ड चं. आमच्याकडे याला 'ओनरशिप' नाही म्हणतात, मराठीत चार घरचा पाहुणा उपाशी.

अभ्यासिकेतल्या पोरांचं तर वेगळंच. महापालिकेला विधानसभेचीच यादी वापरली, १ जुलै २०२५ची. त्यानंतर अठरा पूर्ण झालेल्यांना मत नाही. आणि बाहेरगावच्यांची नावं गावाकडे. चार-पाच वर्षं इथे राहतात, इथलं पाणी विकत घेतात, इथल्या खड्ड्यात पडतात, पण मत परळीला नाहीतर जिंतूरला. कायद्याने तुम्ही जिथे राहता तिथे, होस्टेलच्या पत्त्यावरही, नाव नोंदवता येतं. पण गावाकडचं नाव काढलं तर घरचे म्हणतात, भाऊबंदकीत एक मत कमी झालं. आणि इथला घरमालक पत्त्याचा पुरावा द्यायला तयार नाही. तिच्या बाकावरच्या आठ जणांत इथे मत फक्त दोघींचं.

हे सगळं झाल्यावर मला वाटलं होतं ती म्हणेल, मी मतच देत नाही. एका रात्री म्हणालीही, चारही ठिकाणी नोटा. दुसऱ्या दिवशी रविवार होता, ४ तारीख. ती लॅपटॉप घेऊन बसली आणि आमच्या प्रभागातल्या सगळ्या उमेदवारांची शपथपत्रं वाचायला घेतली. वाचतं कोण, असं मघाशी मी म्हणालो ना? तर ही. मी एक शीट बनवून दिली: नाव, जागा, शिक्षण, व्यवसाय, मालमत्ता, कर्ज, प्रलंबित गुन्हे, कोणतं कलम. भरत ती होती. काही शपथपत्रं इतकी वाकडी स्कॅन केलेली की आकडा ३ आहे की ८ ते कळेना. एकाचा व्यवसाय "समाजसेवा" आणि उत्पन्नाचं साधनही "समाजसेवा". एकीचं सगळं शपथपत्र नवऱ्याच्या अक्षरात असावं असं तिला वाटतंय, पण ते सिद्ध होत नाही, म्हणून तिने ते शीटमध्ये लिहू दिलं नाही. "ऐकीव गोष्ट पुरावा नसते, दादा."

मंगळवारी तिने दोन पानांची प्रिंट काढून सोसायटीच्या लिफ्टजवळ लावली. वर एकच ओळ: उमेदवारांनी स्वतः दिलेली माहिती. कुणाला मत द्या, एक शब्द नाही. बुधवारी सकाळी ते पान फाडलेलं होतं. तिने दुसरं लावलं. गुरुवारी तळमजल्यावरच्या काकांनी तिला थांबवून विचारलं, "बेटा, हे कोणत्या पक्षाकडून आहे?" ती म्हणाली, कुणाकडून नाही. काका म्हणाले, "तसं कसं, कुणाकडून तरी असेलच ना." मग जरा थांबून म्हणाले, "बरं, ते क जागेचं जरा मोठ्या अक्षरात काढून देशील का? चष्मा लावूनही दिसत नाही."

काल तिने मोठ्या अक्षरात काढून दिलं. अ, ब आणि ड चं तिचं ठरलंय, कोण ते मला पण सांगत नाही, गुप्त मतदान म्हणते. क वर अजून विचार चालू आहे, तिथले तिघं काल घरी येऊन गेले आणि तिने तिघांनाही एकच विचारलं: योजनेचं पाणी आमच्या गल्लीत कधी? एकाने २,७४० कोटींचा आकडा सांगितला, एकाने विरोधकांचं नाव घेतलं, तिसरा म्हणाला माझ्याही घरी टँकरच येतो ताई. तिसऱ्याचं काय करायचं ते तिला कळत नाहीये.

मतदान सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच. ओळखपत्र घेऊन जा, यादीत नाव आणि केंद्र आजच बघून ठेवा, प्रभाग नवे असल्याने नेहमीची शाळा बदललेली असू शकते. आमचं केंद्र बदललंय. आणि गुरुवारीच आमच्या गल्लीत पाण्याचा दिवस आहे, त्यामुळे आधी कोण जाणार आणि मोटारीजवळ कोण थांबणार यावर सध्या घरात वाटाघाटी चालू आहेत. आई म्हणते, मी पहिली जाणार.